श्रोते तुमचे की अहिल्याबाईंचे?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी इंदूरच्या एका खासगी शाळेत सोळा वर्षे इतिहास शिकवते. वय 43. अहिल्याबाई होळकरांच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने एका महिला मंडळाने माझे व्याख्यान ठेवले. ते लोकांना आवडले आणि गेल्या दीड वर्षात इंदूर, देवास, उज्जैन, धार, महेश्वर असे फिरत मी 34 व्याख्याने दिली. त्यांतली 19 मराठीत आणि 15 हिंदीत झाली. आडा बाजाराची गोष्ट सांगते तेव्हा डोळे पुसणारे लोक मला व्यासपीठावरून दिसतात. आता नोकरी सोडून लेखिका आणि व्याख्याती म्हणूनच उभे राहावे असे वाटते. पुस्तकाची दीडशे पाने तयार आहेत, ती भाषणांवरूनच लिहिली आहेत. एक प्रकाशक 300 प्रतींसाठी 85,000 रुपये मागतो आहे आणि त्यात आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे 6,000 रुपये धरले आहेत. मानधन मागायची मला लाज वाटते. आजवर मिळालेले सगळे मिळून 61,000 रुपये झाले. गेल्या चार महिन्यांत मात्र दोनच निमंत्रणे आली. भाचा म्हणतो, रील्स करा. आधी पुस्तक की आधी व्याख्याने, मराठी की हिंदी, आणि नोकरीचे काय, हे आपण सांगावे. येत्या 31 मेला एक व्याख्यान ठरलेले आहे.
– एक वाचक, इंदूर

उत्तर

प्रिय भगिनी, सप्रेम नमस्कार.

नोकरी सोडू नका. निदान हे पुस्तक छापून होऊन त्यानंतरचे एक वर्ष जाईपर्यंत तरी सोडू नका. हे मी भित्रेपणाने सांगत नाही. तुम्ही दिलेल्या आकड्यांचाच हिशेब करून सांगतो आहे. 34 व्याख्यानांचे 61,000 रुपये म्हणजे एका व्याख्यानाला सरासरी अठराशे रुपये होतात, आणि अठरा महिन्यांवर ते वाटले तर महिन्याला साडेतीन हजारही पडत नाहीत. त्यातून देवास-उज्जैनचे भाडे गेलेच. पुस्तकाचा हिशेब याहून रोडका आहे. अडीचशे रुपये किमतीचे पुस्तक, दहा टक्के स्वामित्वधन आणि हजार प्रतींची आवृत्ती, जी आता पुष्कळ प्रकाशक पाचशेवरच थांबवतात, असे धरले तर आवृत्ती पूर्ण संपल्यावर लेखकाच्या हाती पंचवीस हजार येतात. ती तीन वर्षांत संपली तर महिन्याला सातशे रुपये झाले. मराठीत वैचारिक किंवा ऐतिहासिक लेखन आणि व्याख्याने यांवर घर चालवणारी माणसे आहेत, पण त्यांच्यामागे बहुधा दहा-पंधरा वर्षांची उमेदवारी आणि पाच-सहा खपणारी पुस्तके असतात.

या संदर्भात ज्यांची नावे आजही आदराने घेतली जातात असे आपल्या भाषेतले तीन वक्ते आठवून पाहा. शिवाजीराव भोसले फलटणच्या महाविद्यालयात प्राचार्य होते, राम शेवाळकर वणीला प्राचार्य होते आणि नरहर कुरुंदकर नांदेडला शिकवत होते आणि पुढे तिथेच प्राचार्य झाले. तिघांचीही पुस्तके आहेत, तिघांनीही गावोगाव व्याख्यानमालांची पुष्पे गुंफली आणि तिघांनीही वर्गात शिकवण्याचे काम हातचे सोडले नाही. पुण्या-मुंबईत राहिल्याशिवाय नाव होत नाही, अशी खंत आपण बृहन्महाराष्ट्रातले लोक नेहमी करतो. म्हणून हेही लक्षात घ्या की फलटण, वणी आणि नांदेड ही तेव्हा इंदूरपेक्षा लहान गावे होती. शाळेचा पगार तुम्हाला एक गोष्ट देतो आणि ती मोलाची आहे: एखादे निमंत्रण नाकारण्याची ऐपत. ती ऐपत नसलेला वक्ता वर्षभरात मिळेल त्या विषयावर बोलू लागतो. जागतिक महिला दिनापासून मधुमेहापर्यंत सगळ्यांवर बोलणारे दोन-तीन जण तुमच्याही पाहण्यात असतील.

आता निमंत्रणे का थंडावली ते पाहू, कारण तुमच्या पत्रात सर्वांत दुखणारी जागा ती आहे असे मला वाटले. अहिल्याबाईंचा जन्म 31 मे 1725 चा आहे. तीनशे वर्षांचे निमित्त होते तोवर प्रत्येक मंडळाला, शाळेला आणि ज्ञातिसंस्थेला वक्ता हवा होता, आणि तुम्ही जवळ होतात, तयारीच्या होतात, बोलणे गोड होते. म्हणजे बोलावणे प्रसंगाला होते आणि त्यावर तुमचे नाव पडले होते. यात तुमचा कमीपणा काही नाही, पुष्कळांची सुरुवात अशीच होते. परंतु त्या श्रोत्यांपैकी कितीजण तुमच्यासाठी आले होते आणि कितीजण देवी अहिल्येसाठी, हे तुम्हाला कोणी सांगितले नाही आणि टाळ्यांवरून ते कळत नाही. निमित्त सरल्यावरही लोकांनी बोलवावे असे वाटत असेल, तर त्या विषयात इतर कोणाला माहीत नाही असे काहीतरी तुमच्यापाशी आहे, हे लोकांना ठाऊक व्हावे लागते, आणि ते ठाऊक होण्याची जागा पुस्तक हीच आहे. म्हणून आधी पुस्तक. मात्र ती दीडशे पाने म्हणजे पुस्तक नव्हे.

असे मी का म्हणतो ते तुमच्याच आडा बाजाराच्या गोष्टीवरून सांगतो. राजवाड्याजवळ अहिल्याबाईंचे पुत्र मालेराव यांच्या रथाखाली वासरू सापडले, गाय रस्त्यात बसून राहिली, अहिल्याबाईंनी मुलाचे हातपाय बांधून त्याच्यावरून रथ नेण्याची आज्ञा केली, सारथी कचरला तेव्हा त्या स्वतः रथावर चढल्या, आणि तीच गाय पुन्हा पुन्हा आड आली म्हणून त्या जागेला आडा बाजार म्हणतात. इंदूरच्या प्रत्येक मराठी घरात ही गोष्ट आजीने सांगितलेली असते आणि ती ऐकताना माझेही डोळे भरतात. पण तुम्ही इतिहास शिकवता. अहिल्याबाईंचे सासरे मल्हारराव 1766 च्या मे महिन्यात गेले, गादी मालेरावांना मिळाली आणि वर्ष पुरे होण्याच्या आत, 1767 मध्ये, तेही गेले. जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने मध्य हिंदुस्थानावरील आपला ग्रंथ 1823 मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा अहिल्याबाईंना पाहिलेली माणसे हयात होती आणि त्यांना विचारून त्याने लिहिले. मालेरावांच्या मृत्यूचे कारण तो त्यांना लागलेले वेड हे देतो. आईने मुलाला मारले अशी वदंता त्याच्याही कानी आली होती आणि चौकशीअंती त्याने अहिल्याबाईंना निर्दोष ठरवले. शिवाय वासरू, रथ, न्याय मागणारी गाय आणि पोटच्या मुलाला शिक्षा करणारा राजा, ही गोष्ट जशीच्या तशी तमिळ मुलखात मनुनीती चोळ राजाबद्दल सांगतात. फरक एवढाच की तिथे मुलगा रथाखाली जातो आणि इथे गाय त्याला वाचवते.

व्याख्यानात ही गोष्ट शेवटी येते आणि सभागृह जिंकते. पुस्तकात ती तशीच उतरवली तर पहिलाच जाणता वाचक पुस्तक मिटेल, आणि पुढच्या वेळी व्याख्यानालाही तो येणार नाही. पण याच गोष्टीवर तुम्ही एक प्रकरण लिहिलेत, म्हणजे चोळांची कथा आणि होळकरांची कथा शेजारी ठेवल्या, माळव्यातल्या लोकांनी शेवट बदलून गाईला मध्ये का आणले असेल याचा विचार केला, आणि ज्या बाईच्या न्यायाबद्दल लोकांना एवढी खात्री होती तिच्याबद्दलच अशी कथा का तयार होते ते दाखवले, तर ते प्रकरण फक्त तुमचे असेल. त्यासाठी लोक तुम्हाला देवासहूनच काय, नागपूरहूनही बोलावतील. अशी सहा-सात प्रकरणे झाली की पुस्तक झाले.

कीर्तनाची परंपरा इंदूरला नवी नाही, तेव्हा तुम्हाला हे लगेच समजेल. पूर्वरंगात बुवा अभंग घेऊन निरूपण करतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. तुमची दीडशे पाने, तुम्ही केलेल्या वर्णनावरून, सगळीच उत्तररंगाची दिसतात. श्रोत्यांना आख्यान आवडते हे खरे, परंतु निरूपणाशिवायचे आख्यान घरी गेल्यावर कोणाच्या ध्यानात राहत नाही.

एक प्रयोग करा. तुमच्या एखाद्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण घेऊन ते शब्दशः उतरवून काढा, अगदी "तर मंडळी" आणि "काय झालं की" यांसकट. मी बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या पंचेचाळीस मिनिटांच्या एका भाषणाचे असे केले होते. सुमारे पाच हजार शब्द भरले, आणि पुनरुक्ती, आठवण करून देणे, श्रोत्यांना हाताशी धरून ठेवणारी वाक्ये काढून टाकल्यावर अठराशे उरले. त्या अठराशेतही नवीन सांगितलेले असे चारच परिच्छेद होते. तो दिवस मला फार जड गेला. बोलताना पुनरुक्ती लागतेच, कारण श्रोत्याला मागचे पान उलटता येत नाही. तीच पुनरुक्ती छापून आली की वाचकाला आपला अपमान झाल्यासारखा वाटतो. उलट पुस्तकातले तीन ओळींचे, दोन "जे-ते" आणि एक "तथापि" असलेले वाक्य व्यासपीठावरून वाचून दाखवले तर तिसऱ्या रांगेतले लोक घड्याळ पाहू लागतात. एकाच साहित्याचे दोन पदार्थ करायचे आहेत, हे मनाशी धरले म्हणजे दोन्ही कामे एकमेकांना पोसतात. तुमच्याकडे 34 सभांचा अनुभव आहे. त्या सभांनंतर लोकांनी विचारलेले प्रश्न आठवतील तितके लिहून काढा. जो प्रश्न तीन ठिकाणी विचारला गेला आणि ज्याचे उत्तर देताना तुम्ही थोड्या अडखळलात, तिथे एक प्रकरण आहे असे खुशाल समजा.

साधनांबद्दल थोडे. महेश्वर दरबारातून पुण्याला जाणारी बातमीपत्रे छापलेली आहेत, ती मुळातून वाचा. मोडी येत नसेल तर शिका. रोज तास-दीड तास दिला तर एका उन्हाळ्याच्या सुटीत छापील मोडी वाचता येते. हस्तलिखित मोडीला मात्र वर्ष लागते. माळव्यात राहून मोडी वाचणारी इतिहासाची शिक्षिका, एवढ्यावरच तुमचा विषय इतरांपासून वेगळा होतो. मग पुस्तक संपण्याची वाट न पाहता दोन प्रकरणे लेख म्हणून दिवाळी अंकांना पाठवा. 1909 मध्ये "मनोरंजन"ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून नव्या लेखकाची पारख करण्याची आपली ती जागा आहे. चांगले अंक जून-जुलैमध्येच मजकूर ठरवतात, त्यामुळे दसऱ्याला पाठवलेला लेख पुढच्या वर्षीच्या फायलीत जातो. एखाद्या संपादकाने तुमचा लेख कापून निम्मा केला तर रागावू नका. भाषणाला न मिळणारा उपचार तो, आणि तोही फुकट.

85,000 रुपये मागणाऱ्या प्रकाशकाला नम्रपणे नकार कळवा. 300 प्रतींसाठी हा दर प्रतीला 283 रुपये होतो. दीडशे-दोनशे पानांच्या साध्या बांधणीसाठी थेट दोन छापखान्यांकडून दरपत्रक मागवा, म्हणजे फरक तुमचा तुम्हाला दिसेल. आयएसबीएन क्रमांकाचे 6,000 रुपये तर सरळ नाकारण्यासारखे आहेत. आपल्या देशात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था देते, तो विनाशुल्क असतो आणि स्वतःचे पुस्तक स्वतः काढणारा लेखकही त्यासाठी अर्ज करू शकतो. पैसे घेऊन छापणे हा गुन्हा नव्हे. पण त्याला प्रकाशन म्हणू नये. प्रकाशक आपले भांडवल घालतो, म्हणूनच तो पुस्तक विकायला धडपडतो. ज्याचे पैसे छपाईपूर्वीच वसूल झाले, त्याला विक्रीची घाई असण्याचे कारण राहत नाही.

ज्याच्याशी पुढे जमेल त्याच्याशी लेखी करार करा. हे मी पोळलेला माणूस म्हणून सांगतो. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी सगळे बोलण्यावर झाले. प्रकाशक सज्जन वाटला, चहा झाला, मुद्रिते तपासून झाली. आठ वर्षांनी नागपूरच्या एका प्रदर्शनात मला माझ्याच पुस्तकाची दुसरी आवृत्ती दिसली आणि ती मी पूर्ण किंमत देऊन विकत घेतली. तुमचे असे होऊ नये. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. म्हणून मुदत, आवृत्तीच्या प्रती, स्वामित्वधनाचा टक्का आणि तो कोणत्या महिन्यात चुकता होणार, हे चार तपशील आकड्यांत लिहून घ्या. हिंदी अनुवादाचा हक्क स्वतःकडे ठेवा. तो का, ते पुढे सांगतो.

याच कायद्यात वक्त्यांच्या उपयोगाची एक तरतूद आहे आणि ती आयोजकांना सहसा ठाऊक नसते. जाहीर भाषणाचा पहिला हक्क भाषण करणाऱ्याचा असतो, सभा कोणीही भरवलेली असो. तेव्हा मंडळाने तुमचे संपूर्ण व्याख्यान यूट्यूबवर टाकण्यापूर्वी तुम्हाला विचारायला हवे. मी तर दहा मिनिटांचा भाग टाकायला आनंदाने होकार देतो आणि पूर्ण व्याख्यानाला नाही म्हणतो. तेच व्याख्यान आधी घरबसल्या पाहिलेले लोक पुढच्या गावी सभागृहात कशाला येतील? भाच्याच्या रील्सचे उत्तरही यातच आले. महिन्याला एखादी करून द्या म्हणावे त्याला, आणि त्यात आडा बाजार नको.

मानधनाची लाज हा आपला जुना आजार आहे. माझ्या कपाटात शालींची एवढी थप्पी आहे की आमच्या घरी कोणाला थंडीची भीती नाही, आणि श्रीफळांची चटणी होऊन गेली. मंडळे गरीब असतात हे खरे, पण मंडपवाला, ध्वनिक्षेपकवाला आणि पोहे-जिलेबीवाला यांचे पैसे त्याच मंडळाने बिनबोभाट दिलेले असतात. अडचण अशी होते की कार्यवाह संकोचाने विचारत नाहीत, वक्ता संकोचाने सांगत नाही आणि मग आभारप्रदर्शनानंतर हातात एक पाकीट पडते, जे घरी जाऊन उघडायचे. यावर उपाय म्हणून निमंत्रण स्वीकारतानाच एक पत्र पाठवत जा: "निमंत्रणाबद्दल आभारी आहे. माझे व्याख्यान पन्नास मिनिटांचे असून त्यानंतर प्रश्नोत्तरांसाठी पंधरा मिनिटे ठेवावीत. मानधन इतके रुपये आणि प्रवासखर्च प्रत्यक्ष येईल तो. व्याख्यानाचे पूर्ण चित्रीकरण प्रसारित करू नये." यात लाजण्यासारखे वाक्य एकही नाही. रक्कम इंदुरात तीन हजारांपासून आणि बाहेरगावी पाच हजारांपासून सुरू करा. वर्षातून चार व्याख्याने शाळांसाठी आणि वाचनालयांसाठी विनामूल्य द्या, पण ती तुम्ही निवडून द्या. पहिल्या सहा महिन्यांत निम्मी मंडळे परत फोन करणार नाहीत. तो वेळ पुस्तकाला मिळेल.

राहिली भाषा. 1935 मध्ये आपल्या इंदुरात मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच वर्षी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलनही इथेच भरले. असे शहर मिळालेल्या माणसाने एकच भाषा निवडण्याचा हट्ट धरू नये. लिहा मराठीत, कारण तुमची साधने मराठीत आणि मोडीत आहेत, आणि होळकरांवर मराठीत लिहिणाऱ्याला पुण्या-मुंबईचे जाणकार वाचक मिळतात, जे चुका दाखवतात. बोला दोन्ही भाषांत, कारण माळव्यातले बहुसंख्य श्रोते हिंदीतच आहेत. मराठी पुस्तकाचे नाव झाले की दोन-तीन वर्षांत हिंदी आवृत्ती काढता येईल, आणि तुमच्या व्याख्यानांनंतर टेबलावर जास्त प्रती तिच्याच खपतील असा माझा अंदाज आहे. म्हणूनच तो हक्क सोडू नका असे म्हटले. एकच काळजी घ्या. पंधरा व्याख्याने हिंदीत दिल्यावर आपली मराठी "मी तिथे जाऊन राहिली होती" अशा वळणावर जाते आणि आपल्याला ते कळत नाही. हस्तलिखित एखाद्या चोखंदळ मुद्रितशोधकाकडून तपासून घ्या आणि त्याचे पैसे न घासाघीस करता द्या.

31 मेचे व्याख्यान अवश्य करा. आडा बाजाराची गोष्टही सांगा, लोक तिची वाट पाहत असतील. फक्त या खेपेला ती शेवटी ठेवू नका. सुरुवातीलाच सांगा, "अशी गोष्ट आपल्याकडे सांगतात" असे म्हणून सांगा, मग मालेरावांचे साल सांगा आणि तिथून पुढे चोळ राजाकडे जा. टाळ्या कदाचित उशिरा येतील. प्रश्नोत्तरांची पंधरा मिनिटे कार्यवाहांकडून आधीच मागून घ्या, समोर बसलेल्या कोणा विद्यार्थिनीला प्रश्न टिपून घ्यायला सांगा, आणि तो कागद मला पाठवा.